गाण्याला गाळणी

मानपाड्याला राहतो असं सांगितलं की समोरच्याचा पहिला प्रश्न ठरलेला, "कुठला? ठाण्याचा की डोंबिवलीचा?" आमच्या घराण्याने या प्रश्नाचा कायमचा निकाल लावलाय. आम्ही डोंबिवलीत मानपाडा रोडला आणि माझे काका ठाण्यात, घोडबंदर रोडच्या मानपाड्याला. त्यामुळे कुरिअरवाल्याने कितीही घोळ घातला तरी पार्सल घरातच राहतं! दोन वर्षांपूर्वी काकांनी मागवलेली एक जाडजूड निळी नेटवर्क वायर अशीच आमच्याकडे येऊन पडली होती आणि मीच ती त्यांच्याकडे नेऊन दिली होती. ही निळी वायर लक्षात ठेवा. पुढे तिचं काम आहे.

तर मित्रांनो, हा लेख आहे एका डबीबद्दल. काडेपेटीपेक्षा थोडी मोठी, काळी, दोन्ही टोकांना नेटवर्कची सॉकेट. एका बाजूने इंटरनेटची वायर घालायची, दुसऱ्या बाजूने काढून म्युझिक सिस्टिमला जोडायची. डबी म्हणे वायरीतला 'नॉइज' गाळते आणि गाणं जास्त स्वच्छ, जास्त मोकळं ऐकू येतं. नाव 'नेटवर्क नॉइज फिल्टर'. अशा डब्या काही हजारांपासून लाखाच्या घरापर्यंत मिळतात. काकांना सांगितलेली किंमत होती अडतीस हजार.

आधी काकांबद्दल सांगतो, नाहीतर तुम्हाला वाटेल कोणी हौशी श्रीमंत माणूस आहे. काका वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात टूलरूमचे फोरमन होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. आयुष्यभर एकच व्यसन, गाणं! गणेशोत्सवातल्या मैफिली, रात्ररात्र चालणारी संमेलनं, जिथे परवानगी मिळेल तिथे हे टेपरेकॉर्डर घेऊन पहिल्या रांगेच्या बाजूला बसायचे. त्या सगळ्या कॅसेटी मी अकरावीच्या सुट्टीत त्यांच्या कॉम्प्युटरवर उतरवून दिल्या. तो कॉम्प्युटर बेडरूममध्ये. हॉलमध्ये अँप्लिफायर, दोन स्पीकर आणि एक स्ट्रीमर, म्हणजे कॉम्प्युटरवरून किंवा इंटरनेटवरून गाणं घेऊन अँप्लिफायरला देणारी पेटी. दोन्हींच्या मधे एक लोखंडी बॉडीचा नेटवर्क स्विच आणि सगळीकडे ती निळी वायर. दुकानदाराने "सगळ्यात वरची क्वालिटी, आतून शिल्ड आहे" म्हणून दिलेली.

गेल्या पावसाळ्यात एका सोमवारी रात्री काकांचा फोन आला. "अरे, तो गेला!"

मी घाबरलो. म्हटलं, कोण गेला?

"कोमल रिषभ!"

झालं होतं असं की वर्षभर काकांची एक तक्रार होती. शांत आलाप लावला की मागे कुणीतरी बारीक भुणभुणतंय. "भूप चाललाय आणि पाठीमागे एक मनुष्य कोमल रिषभ धरून बसलाय" हे त्यांचे शब्द. (ज्यांना गाण्यातलं काहीच कळत नाही अशा माझ्यासारख्यांसाठी: भूपात कोमल रिषभ चालत नाही. परीक्षेत चिठ्ठी चालत नाही, तसा.) दुकानदाराने सात दिवस वापरून बघायला ही डबी दिली, काकांनी ती लावली आणि भुणभुणणारा मनुष्य त्याच क्षणी उठून गेला. रविवारी संध्याकाळपर्यंत पैसे द्यायचे किंवा डबी परत करायची. "तू टेलिकॉमचा इंजिनिअर होणार ना, मग सांग. ठेवू का?"

मी फोनवरच हसलो. आता लाज वाटते, पण हसलो. "काका, बिट म्हणजे बिट. शून्य आणि एक. त्यात नॉइज नसतो. तुम्हाला भास होतोय." मग वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर डबीचा फोटो टाकला. त्यावर अर्धा तास जी करमणूक झाली ती इथे छापण्यासारखी नाही. एकाने विचारलं, डबीवर लिंबू-मिरची फुकट का?

माझं म्हणणं पूर्ण चूक होतं असं नाही, म्हणून पहिल्यांदा तीच बाजू नीट मांडतो. सीडीच्या दर्जाचं गाणं म्हणजे सेकंदाला ४४,१०० नमुने, प्रत्येक १६ बिटांचा, डावा आणि उजवा असे दोन. गुणाकार केला तर सेकंदाला १४,११,२०० बिट. शंभर मेगाबिटच्या साध्या वायरीत याच्या सत्तरपट जागा असते. हे बिट सुटे येत नाहीत, पाकिटं करून येतात आणि इथरनेटच्या प्रत्येक पाकिटाच्या शेवटी ३२ बिटांची तपासणी-संख्या असते. पाकीट वाटेत बिघडलं तर ते फेकून दिलं जातं आणि पाठवणाऱ्याकडून पुन्हा मागवलं जातं. आलेली पाकिटं स्ट्रीमरच्या मेमरीत काही सेकंदांचा साठा करून थांबतात आणि तिथून आतलं स्वतंत्र घड्याळ एकेक नमुना मोजून पुढे सोडतं. म्हणजे वायरीत दंगल झाली तरी गाणं एकतर जसंच्या तसं पोचेल, नाहीतर अडखळेल, तुटेल, बंद पडेल. 'जरासं कमी गोड' होऊन पोचणार नाही.

याचं मला सगळ्यात आवडणारं उदाहरण आपल्याच गाण्याशी जोडलेलं आहे. १९७७ साली सुटलेल्या दोन्ही व्हॉयेजर यानांवर सोन्याचा मुलामा दिलेली एकेक तबकडी आहे आणि तिच्यावर गोव्यातल्या केरीच्या केसरबाई केरकरांची भैरवी आहे. पहिलं व्हॉयेजर आज दोन हजार कोटी किलोमीटरच्याही पलीकडे आहे. त्याच्या ट्रान्समीटरची ताकद घरातल्या ट्यूबलाइटएवढीसुद्धा नाही. त्याचा आवाज पृथ्वीवर पोचेपर्यंत इतका क्षीण झालेला असतो की आपली निळी वायर त्यापुढे शांत मंदिर म्हणावी. तरी चुका दुरुस्त करणाऱ्या कोडमुळे तिथून माहिती नीट येते. शॅननने १९४८ साली कागदावर मांडलेली गोष्ट आहे ही, सेमिस्टरला पाठ करतो तीच. आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये या यानाच्या मेमरीत खरोखर बिघाड झाला तेव्हा काय झालं? माहिती 'थोडी रुक्ष' झाली नाही. शून्य-एकची तीच ती नक्षी पुन्हा पुन्हा यायला लागली, अर्थ शून्य! एप्रिल २०२४ मध्ये पृथ्वीवरून प्रोग्रॅम हलवून ते ताळ्यावर आणलं. डिजिटल बिघडतं तेव्हा ते असं बिघडतं.

एवढी शिदोरी घेऊन मी शनिवारी डोंबिवलीहून ठाण्याची लोकल पकडली आणि स्टेशनबाहेरून बसने मानपाड्याला गेलो. सोबत मल्टिमीटर, लॅपटॉप आणि साठ रुपयांची साधी पॅच कॉर्ड. मनात ठरवलेलं होतं की काकांना प्रेमाने समजावायचं आणि काकूंच्या हातचं जेवून परत यायचं.

डबी काढली. निळी वायर पूर्वीसारखी थेट स्ट्रीमरला जोडली. काकांनी भूप लावला. आणि... आवाज होता! खर्जातला बारीक घूंऽऽ आणि त्यावर एक चिवट सूर. लॅपटॉप अँप्लिफायरला लावून स्पेक्ट्रम बघितला तर ५०, १०० आणि १५० हर्ट्झवर तीन सुळके उभे, म्हणजे आपल्या महावितरणची वीज आणि तिची पिल्लं. त्या मैफिलीचा षड्ज काळी एकचा, साधारण १३९ हर्ट्झचा. त्यावर १५० म्हणजे कोमल रिषभाच्या किंचित वर. मित्रांनो, लॅपटॉपने पंधरा मिनिटांत सांगितलं ते काका वर्षभर कानाने सांगत होते, आणि सूर ओळखून सांगत होते. आणि मी त्यांना भास म्हणालो होतो.

आता प्रश्न असा की बिटांमध्ये काही घुसत नसेल तर हा आवाज आला कुठून? इथे मी एक गोष्ट सहज म्हणून केली. गाणं चालू असताना स्ट्रीमरची नेटवर्क वायर ओढून काढली. मेमरीत साठा असतो म्हणून गाणं पुढचे काही सेकंद तसंच चालू राहिलं. आणि घूंऽऽ त्या क्षणी बंद! गाणं आहे, वायर नाही, घरघर नाही. वायर पुन्हा लावली, घरघर हजर. तीनदा केलं, तिन्ही वेळा तेच.

माझ्या मते या विषयावर जितका वाद घातला जातो त्यापेक्षा या एका ओढण्यातून जास्त कळतं, आणि खर्च शून्य. वायर काढली म्हणजे वायरीतून येणारं सगळंच थांबलं. याहून चांगला फिल्टर जगात कोणी बनवू शकत नाही. त्या काही सेकंदांत आवाजात फरक पडला नाही, तर फिल्टरला गाळायला काहीच नाही. फरक पडला, तर वायरीतून काहीतरी येतंय हे नक्की, आणि ते कुठून येतंय ते शोधायला लागायचं.

काय येत होतं? वायर बिट नेते, पण ती तांब्याचीही असते हे आपण टेलिकॉमवाले विसरतो. इथरनेटच्या पोर्टमध्ये सहसा एक छोटा ट्रान्सफॉर्मर असतो. मानकाप्रमाणे तो १५०० व्होल्ट रोखतो, त्यामुळे आतल्या चार जोड्यांतून वीज सरळ पुढे जात नाही. त्याच्या दोन गुंडाळ्यांमधल्या सूक्ष्म कपॅसिटन्समधून वरच्या फ्रिक्वेन्सीचं थोडंफार झिरपतं, हेही खरं आहे आणि डबीवाले बोट ठेवतात ते तिथेच. पण काकांच्या निळ्या वायरीला बाहेरून धातूची जाळी होती. ही जाळी ट्रान्सफॉर्मरला बगल देऊन कॉम्प्युटरची बॉडी, स्विचची बॉडी आणि स्ट्रीमरची बॉडी एकमेकांना थेट जोडत होती. नळाला चांगली तोटी बसवावी आणि शेजारून उघडा पाइप काढावा, त्यातला प्रकार. डबीची बॉडी प्लास्टिकची, तिच्याबरोबर आलेली छोटी वायर बिनजाळीची. डबी मधे आली आणि जाळी तुटली. आवाज बंद होण्याचं कारण एवढंच.

मी निळी वायर काढून साठ रुपयांची साधी पॅच कॉर्ड लावली. डबी नाही. कोमल रिषभ गायब. काका माझ्याकडे बघून म्हणाले, "म्हणजे रोग पण आपणच विकत आणला होता म्हण की!"

इथे हा लेख संपला असता, आणि मी विजयी मुद्रेने जेवायला बसलो असतो. बसलोही. पण वाढता वाढता काकू म्हणाल्या, "तू वायरी बघतोच आहेस तर ते वॉशिंग मशीन पण बघ रे. हात लावला की चुणचुण होते. यांना सांगतेय, पण यांना गाण्यापुढे काही ऐकू येत नाही."

मी विचारलं, कधीपासून?

"सोमवारपासून. पावसाने ओल आली असेल म्हणून मी आपली चप्पल घालून लावते."

सोमवार. डबी लावली तो सोमवार! घास हातात तसाच राहिला. मशीनचं सॉकेट आणि कॉम्प्युटरचं सॉकेट एकाच भिंतीच्या दोन बाजूंना. मल्टिमीटर घेऊन उठलो. सॉकेटच्या फेज आणि अर्थमध्ये यायला हवेत २३०च्या आसपास व्होल्ट, आकडा भलताच. हॉलमधल्या सॉकेटला बरोबर. बेडरूमच्या कॉम्प्युटरच्या पत्र्यापासून हॉलमधल्या स्ट्रीमरच्या पत्र्यापर्यंत मोजलं तर ९०च्या आसपास व्होल्ट!

ज्यांना उलगडा झाला त्यांनी पुढचा परिच्छेद सोडला तरी चालेल. बेडरूमच्या बाजूच्या सगळ्या सॉकेटांची अर्थची तार कुठेतरी तुटलेली होती. कॉम्प्युटरच्या आणि मशीनच्या आत मेन्सच्या नॉइजसाठी छोटे कपॅसिटर असतात, ते थोडासा करंट अर्थच्या तारेत सोडत असतात. ती तार जमिनीला पोचत नसेल तर तो करंट दुसरी वाट शोधतो. गेले वर्षभर ती वाट होती निळ्या वायरीची जाळी! वॉशिंग मशीन, कॉम्प्युटर, जाळी, स्ट्रीमर, अँप्लिफायर आणि मग हॉलची चांगली अर्थिंग. घरघर म्हणजे हा वाट चुकलेला करंट होता. डबीने ती वाट बंद केली. गाणं स्वच्छ झालं आणि तोच करंट काकूंच्या बोटांतून चुणचुण करत जायला लागला.

चुणचुणीपर्यंत ठीक आहे. पण उद्या मशीनच्या आत खरंच फेज बॉडीला लागला असता तर? त्या घरात करंट गळला की वीज तोडणारा आरसीसीबीही नव्हता. अर्थच नाही म्हणजे फ्यूजला कळणार नाही, एमसीबीला कळणार नाही. ओल्या हातांच्या काकूंना कळलं असतं.

काका बराच वेळ काही बोलले नाहीत. मग उठून मशीनचा प्लग काढला आणि सोसायटीच्या इलेक्ट्रिशियनला फोन लावला. रविवारी सकाळी तो आला. बाथरूमच्या टाइल्स बदलल्या तेव्हा कोणीतरी बोर्डामागचा अर्थचा जोड सोडला होता, तो तसाच लोंबकळत होता. तासाभराचं काम. आरसीसीबीही बसवून घेतला. सगळं मिळून अडतीस हजारांच्या जवळपासही गेलं नाही.

आता माझं मत. नेटवर्क नॉइज फिल्टरने घरातल्या गाण्याचा दर्जा सुधारतो का? ज्या घरात वायरिंग धड आहे, वायर साधी बिनजाळीची आहे आणि स्ट्रीमर नीट बनवलेला आहे, तिथे ऐकू येण्याजोगा फरक पडण्याचं कारण मला दिसत नाही. स्ट्रीमरच्या पोटातच प्रोसेसर असतो, वायफाय असतं, स्विचिंग पॉवर सप्लाय असतो. त्यांचा गोंगाट बोटभर अंतरावर चाललेला असताना ट्रान्सफॉर्मरमधून झिरपलेल्या थेंबाची काळजी करणं म्हणजे घराचं छप्पर गळत असताना खिडकीच्या फटीला कापूस लावणं. ज्या घरात काहीतरी बिघडलंय तिथे डबी लावून फरक पडेल, अगदी स्पष्ट पडेल. आणि मला भीती वाटते ती त्याच घरांची. कारण तिथे आवाज ही तक्रार होती, आणि डबी तक्रार करणाऱ्याचं तोंड दाबते.

डबीच्या आत काय असतं तेही सांगतो, म्हणजे गूढ राहणार नाही. बहुतेकांत एक-दोन आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर, कॉमन मोड चोक, फेराइट, म्हणजे लॅमिंग्टन रोडला आपल्याला प्रोजेक्टसाठी मिळतं त्याच जातीचं सामान. ही कल्पना खोटी नाही. हॉस्पिटलात रुग्णाला जोडलेली यंत्रं नेटवर्कवर घेताना असे आयसोलेटर वापरतात, ४००० व्होल्ट रोखणारे. तिथे हेतू रुग्णाच्या अंगातून गळतीचा करंट जाऊ नये हा असतो, त्याचा आवाज मधुर व्हावा हा नसतो. खरंच कोणाला तांब्याचा संबंध तोडायचा असेल तर मधे हातभर फायबर टाका, दोन साधे मीडिया कन्व्हर्टर लावून. काचेतून वीज जात नाही. किंवा स्ट्रीमर वायफायवर चालवा, म्हणजे वायरच नको.

एक गोष्ट मात्र कोणी करू नका. काकांकडे आधी एक टीव्ही दुरुस्त करणारा आला होता. त्याने उपाय सांगितला होता की अँप्लिफायरच्या प्लगची अर्थची पिन काढून टाका, घरघर जाते. जाते, हे खरं आहे! आपल्याकडे सर्रास करतात. काकांनी फोरमनकीच्या संस्कारामुळे त्याला चहा पाजून परत पाठवलं. नाहीतर घरातली उरलीसुरली अर्थिंगही गेली असती.

"पण डबीने अजून काही फरक पडत असेल तर?" हा काकांचा प्रश्न राहिलाच होता, आणि तो रास्त होता. तेव्हा रविवारी दुपारी आम्ही परीक्षा घेतली. अर्थिंग दुरुस्त, वायर साधी. काका पाठ करून बसले. मी नाणं उडवून डबी लावायची की नाही ते ठरवायचं, तोच एक मिनिटाचा आलाप लावायचा, आवाजाच्या बटणाला हात नाही. काकांनी फक्त 'आहे' किंवा 'नाही' लिहायचं. दहा वेळा. अशा डोळे झाकून घ्यायच्या चाचण्यांना मोठी परंपरा आहे. बेल लॅबच्या मनसन आणि गार्डनर यांनी १९५० साली छापलेल्या पद्धतीतूनच आजची 'एबीएक्स' चाचणी आली. गणित सोपं आहे. नुसत्या अंदाजाने दहापैकी नऊ किंवा जास्त बरोबर येण्याची शक्यता १०२४ मध्ये ११, म्हणजे शंभरात जेमतेम एक. तेव्हा नऊ आले तर मान्य करायचं, असं आधीच ठरवलं. काकांचे सहा आले. मग जागा बदलल्या, माझे चार. काकूंना बसवलं तर त्या तिसऱ्या फेरीला "दोन्ही सारखंच आहे, आणि चहा गार होतोय" म्हणून उठून गेल्या.

एका घरातली एक दुपार म्हणजे काही संशोधन नव्हे, हे मलाही कळतं. पण याच्यापेक्षा मोठ्या प्रमाणावर झालेल्या चाचण्यांचा सूरही असाच आहे. २००७ साली अमेरिकेत मेयर आणि मोरान यांनी उच्च दर्जाच्या रेकॉर्डिंगमध्ये गुपचूप सीडीच्या दर्जाची पायरी घालून साडेपाचशेच्या वर फेऱ्या घेतल्या. बरोबर उत्तरं आली जवळपास निम्मी, म्हणजे नाणं उडवल्यासारखी. तिथे ऐकणाऱ्यांत जाणकार होते, यंत्रं महागडी होती.

उलट ज्याने फरक पडतो ते सगळं आपल्या डोक्यावर फिरत असतं. शब्दशः! काकांच्या हॉलमधला पंखा बंद केला तेव्हा तानपुऱ्याची तार छेडल्यावर तिचा नाद किती लांब जातो ते मला पहिल्यांदा ऐकू आलं. घोडबंदर रोडच्या बाजूची खिडकी लावली तेव्हा आणखी. सरकारी नियमाने, २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे, रहिवासी भागात रात्री मर्यादा ४५ डेसिबलची आहे. ती घोडबंदरच्या ट्रकवाल्यांनी वाचलेली दिसत नाही, आणि आमच्या मानपाडा रोडच्या रिक्षावाल्यांनी तर नाहीच. अशा खोलीत बसून आपण वायरीतल्या मायक्रोव्होल्टवर अडतीस हजार घालायचे! जाड पडदे लावा, स्पीकर भिंतीपासून हातभर पुढे घ्या, खाली सतरंजी टाका. एवढं काकांनी त्याच संध्याकाळी केलं, आणि तो फरक ओळखायला नाणं उडवायची गरज पडली नाही.

हे सगळं मी वर्गाच्या ग्रुपवर लिहिलं तेव्हा एक मित्र म्हणाला, "म्हणजे आपण बरोबरच होतो ना, डबी फालतू!" मला तसं वाटत नाही. आपण डबीबद्दल बरोबर होतो आणि माणसाबद्दल चूक. 'बिट म्हणजे बिट' म्हणून मी फोन ठेवला होता. शनिवारी गेलो नसतो तर काकांनी डबी ठेवून घेतली असती आणि मला आयुष्यभर हसायला एक किस्सा मिळाला असता. काकू चप्पल घालून मशीन लावत राहिल्या असत्या. ज्याला काहीतरी ऐकू येतंय त्याचं ऐकणं आणि ज्याने त्याला कारण विकलं त्याचं कारण, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. आमच्या वायवात कोणी हे विचारत नाही. 'डिफाइन नॉइज' विचारतात. व्याख्या मला तोंडपाठ होती.

डबी काकांनी रविवारी संध्याकाळी परत केली. दुकानदाराने कुरकूर न करता घेतली, हे त्याच्या बाजूने सांगायला हवं. उलट सगळी हकीकत ऐकून त्याने माझा नंबर घेतला आणि सोमवारी फोन केला. शनिवार-रविवार दुकानात बसून गिऱ्हाईकांना अशा वस्तू समजावून सांगायच्या, दिवसाला आठशे रुपये, विकलं तर वर कमिशन. इंजिनिअरिंगचा मुलगा सांगतोय म्हटल्यावर लोकांचा विश्वास बसतो, असं तो मोकळेपणाने म्हणाला. आठशे रुपये म्हणजे काय ते होस्टेलवाल्यांना सांगायला नको. माझी पुढची फी भरायची होती. मी दोन दिवस विचार केला आणि त्याला एकच अट घातली: विकण्याआधी प्रत्येक गिऱ्हाइकाला एकदा पाठ करून बसवायचं, नाणं मी उडवणार.

"विचार करून सांगतो," म्हणाला. त्याला आता तीन महिने झाले.

काकांनी मात्र निळी वायर टाकली नाही. फोरमन माणूस, भंगारात काही जाऊ देत नाही. गॅलरीत मनीप्लँट वर चढवायला ती बांधली आहे, आणि वेल जोरात चढतोय.